समुद्राच्या तळाचं पाणी किती जुनं?

उत्तर प्रशांत महासागरात अडीच किलोमीटर खोलीवरून वर काढलेलं पाणी ग्लासात ओतलं, तर त्यात वेगळं काही दिसत नाही. थंडगार असतं, दीड-दोन अंशांचं. खारट असतं. पण हे पाणी शेवटचं समुद्राच्या पृष्ठभागावर होतं, हवेला लागून होतं, त्याला सरासरी बाराशे ते पंधराशे वर्षं उलटून गेली आहेत. म्हणजे वेरूळचं कैलास लेणं खोदलं जात होतं त्या सुमाराला, किंवा त्याच्याही आधी.

हा आकडा काढायचा कसा? त्यात आणखी एक पेच आहे. याच पाण्याबद्दल एखादा अभ्यासक २,२७० वर्षं म्हणेल, दुसरा ८३० म्हणेल, तिसरा ५१० सांगेल आणि तिघांचंही गणित बरोबर असेल. हे कसं शक्य आहे ते कळलं, की किरणोत्सारी अणूंच्या मदतीने समुद्राचा माग कसा काढतात ते बहुतेक सगळं कळतं.

आधी एक साधी शंका. खोल पाण्याचा वेग प्रवाहमापक टाकून थेट का मोजत नाहीत? मोजतात. पण खोलवर पाण्याची एका दिशेने होणारी सरासरी सरक बहुतेक ठिकाणी सेकंदाला मिलिमीटरच्या आसपास असते, आणि भोवरे मात्र त्याच पाण्याला सेकंदाला काही सेंटिमीटर वेगाने पुढे-मागे घुसळत असतात. या घुसळणीतून शेकडो वर्षांची संथ वाटचाल वेगळी काढायची, तर वर्षानुवर्षं, हजारो ठिकाणी उपकरणं ठेवावी लागतील. त्यापेक्षा पाण्यातच एखादं घड्याळ सापडलं तर काम सोपं होतं.

पृष्ठभागावरून थेट तळाकडे बुडायची वाट समुद्रात मोजक्याच जागी मोकळी असते. एक उत्तर अटलांटिकमध्ये, ग्रीनलंडच्या दोन्ही अंगांना. दुसरी अंटार्क्टिकाच्या कडेला, मुख्यतः वेडेल आणि रॉस या समुद्रांत. तिथलं पाणी गारठतं, खारटपणाने आणखी जड होतं आणि बुडून सगळ्या महासागरांच्या तळांवर पसरतं. प्रशांत आणि हिंदी महासागरांच्या उत्तर टोकांना तळापर्यंत बुडणारं पाणी तयारच होत नाही. तिथलं खोल पाणी सगळं दक्षिणेकडून आलेलं.

कार्बन-१४ काय सांगतो

अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात, त्यातून न्यूट्रॉन सुटतात, आणि असा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूत शिरला की कार्बन-१४ तयार होतो. तो कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळून समुद्रात विरघळतो. साध्या कार्बनच्या साधारण लाख कोटी अणूंमागे याचा एक अणू. ५,७३० वर्षांत यातले निम्मे अणू फुटून पुन्हा नायट्रोजन होतात. समुद्रासाठी जास्त सोयीचं माप असं, की दर ८३ वर्षांना साधारण एक टक्का घट. पाणी खाली गेलं, हवेशी संबंध तुटला, की नवी भर थांबते आणि घट तेवढी चालू राहते. विलार्ड लिबी यांनी या अणूवरून कालमापनाची पद्धत बसवली आणि त्यासाठी त्यांना १९६० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लाकूड, हाडं, कोळसा यांचं वय काढायची ती पद्धत. पाण्याला ती तशीच्या तशी लावता येत नाही.

आता आकडे पाहू. कारखानदारी आणि अणुचाचण्या यांच्या आधीच्या हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण १०० धरलं, तर उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात ते ९३च्या आसपास भरतं. अंटार्क्टिकाभोवती ८४. हिंदी महासागरात खोलवर ८०-८१. उत्तर प्रशांतमध्ये ७६. ही उतरती भाजणी पाहिली, की पाणी कुठून कुठे जातं ते नकाशा न काढताही कळतं: अटलांटिकमधून दक्षिणेला, अंटार्क्टिकाला वळसा, आणि तिथून हिंदी महासागरात आणि प्रशांतात.

शंभरावरून शहात्तरावर यायला कार्बन-१४ला २,२७० वर्षं लागतात. हा पहिला आकडा. तो चुकीचा नाही, पण तो पाण्याचा प्रवासकाल नाही. कारण पृष्ठभागावरचं पाणीसुद्धा शंभरावर नसतं. समशीतोष्ण पट्ट्यात ते ९५च्या आसपास असतं, म्हणजे उन्हात खेळणारं पाणीही कार्बनच्या हिशेबात चारशे वर्षांचं दिसतं! पाण्यात शिरलेला कार्बन डायऑक्साइड तसाच राहत नाही, त्याचं बहुतांशी बायकार्बोनेट होतं, आणि हा साठा इतका मोठा असतो की वरच्या थरातला सगळा कार्बन हवेतल्या कार्बनशी अदलाबदल करून ताजा व्हायला सुमारे दहा वर्षं लागतात. (प्राणवायूला तेवढ्यासाठी काही आठवडे पुरतात.) त्या दहा वर्षांत खालून जुनं पाणी वर येऊन मिसळत राहतं, त्यामुळे शंभरी कधी गाठलीच जात नाही.

अंटार्क्टिकाजवळ तर ही अडचण फारच मोठी. तिथे शेकडो वर्षं खोल राहिलेलं पाणी वर येतं, पण वर समुद्री बर्फाचं झाकण असतं, आणि जिथे ते नसतं तिथेही पाणी पुन्हा बुडण्याआधी दहा वर्षं थांबत नाही. अर्धवट ताजं होऊनच ते परत खाली जातं. म्हणून ८४. तिथून उत्तर प्रशांतच्या ७६पर्यंत घट व्हायला ८३० वर्षं. हा दुसरा आकडा: दक्षिण महासागर सोडल्यापासूनचा काळ.

मग बाराशे ते पंधराशे कुठून आले? अंटार्क्टिकाभोवतीच्या त्या ८४मध्ये दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. काही घट हवेशी अदलाबदल अपुरी राहिल्यामुळे आहे आणि काही घट खरोखरच्या वयाची आहे, कारण त्या पाण्यात अटलांटिकमधून शतकानुशतकं चालत आलेलं आणि प्रशांतातून परत फिरलेलं पाणीही मिसळलेलं असतं. ही गाठ सोडवायला कार्बन एकटा पुरत नाही. तापमान, क्षार, फॉस्फेट, प्राणवायू यांच्या मोजमापांवरून आधी ठरवावं लागतं, की या बाटलीतलं किती पाणी कुठल्या पृष्ठभागावरून निघालं, आणि प्रत्येक पृष्ठभागाचा सुरुवातीचा आकडा काय होता. गेबी आणि ह्यूबर्स या समुद्र-अभ्यासकांनी २०१२मध्ये असा हिशेब मांडला. त्याआधी उत्तर प्रशांतसाठी दोन हजार वर्षं सर्रास लिहिली जात होती, ती या हिशेबात खाली आली.

उरला ५१०चा आकडा. तो १९८३मध्ये स्टायव्हर, क्वे आणि ऑस्टलंड यांनी दिला. त्यांचा प्रश्नच निराळा होता: प्रशांतात दीड किलोमीटरच्या खाली जेवढं पाणी आहे, ते बाहेरून येणाऱ्या पाण्याने पूर्ण बदलायला सरासरी किती वर्षं लागतात? प्रशांतासाठी ५१०, हिंदी महासागरासाठी २५०, अटलांटिकसाठी २७५. हे वय नव्हे, पाणी बदलण्याचा काळ आहे. बातम्यांमध्ये आणि पाठ्यपुस्तकांतही हे आकडे एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. खरं तर प्रश्नच वेगवेगळे विचारलेले असतात.

सरासरीच्या आत काय दडतं

आतापर्यंत मी ‘सरासरी’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला, तो मुद्दाम. चार पिढ्या नांदत्या घराचं सरासरी वय एकेचाळीस आलं, म्हणून त्या घरात एकेचाळीस वर्षांचं कुणी असेलच असं नाही. पणजी नव्वदीची असेल आणि पाळण्यात तान्हं बाळ असेल. समुद्राच्या एका बाटलीतही तसंच असतं. काही पाणी सरळ वाटेने आलेलं, काही वाटेत अडकून फिरत राहिलेलं, काही वरून नुकतंच मिसळलेलं.

आणि किरणोत्सारी घड्याळ सरासरी काढताना तरुण पाण्याकडे झुकतं. हे आकड्यांतच पाहावं. समजा, अगदी ताजं पाणी आणि हजार वर्षांचं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं. खरं सरासरी वय ५००. कार्बन-१४ या मिश्रणाचं वय ४८५ दाखवेल. फरक किरकोळ. पण याच बाटलीत आर्गॉन-३९ मोजला, म्हणजे हवेतल्या आर्गॉन वायूचा किरणोत्सारी प्रकार, ज्याचे निम्मे अणू २६९ वर्षांतच संपतात, तर तो दाखवेल २४०! कारण हजार वर्षांच्या पाण्यात आर्गॉन-३९ जवळजवळ उरलेलाच नसतो, जे काही मोजलं जातं ते ताज्या भागातलं. पाणी मिसळलेलं नसून खरोखर एकसारखं पाचशे वर्षांचं असतं, तर दोन्ही घड्याळांनी पाचशेच दाखवले असते.

मला या विषयातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. दोन घड्याळं जुळली नाहीत म्हणून एक बिघडलंय असं समजायचं नाही. त्यांच्यातल्या तफावतीवरून पाणी किती मिसळलंय ते कळतं. खोल समुद्राचं चित्र माल वाहून नेणाऱ्या एका लांबलचक सरकत्या पट्ट्यासारखं काढायची पद्धत अमेरिकी शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांच्यामुळे जगभर पोचली. दिशा दाखवायला ते चित्र चांगलं आहे, पण त्यात मिसळण दिसत नाही, आणि खोल समुद्रात सगळ्यात जास्त घडतं ते मिसळणंच.

आर्गॉनचा आणखी एक मोठा फायदा असा, की तो निष्क्रिय वायू आहे. कार्बनचं तसं नाही. पृष्ठभागावरचे जीव मेले की त्यांचे अवशेष खाली पडतात, शंख-शिंपल्यांचा चुना खोलवर विरघळतो, आणि त्यासोबत वरचा कार्बन पाण्याच्या आधीच तळाला पोचतो. हा हिशेब वजा करावा लागतो. आर्गॉनला कोणी खात नाही, तो कशाला चिकटत नाही.

मग सगळे आर्गॉनच का मोजत नाहीत? कारण तो अतिशय दुर्मीळ आहे. हवेतल्या आर्गॉनच्या दहा लाख अब्ज अणूंमागे हा एकसुद्धा धड भरत नाही. एक लिटर ताज्या समुद्रजलात त्याचे साधारण आठ हजार अणू असतात आणि त्यातले वर्षभरात फुटतात जेमतेम वीस-एकवीस. फुटणाऱ्या अणूंची नोंद घेऊन वय काढायचं, तर हजार लिटरच्या वर पाण्यातला वायू काढून, विश्वकिरणांचा त्रास नको म्हणून जमिनीखालच्या प्रयोगशाळेत, आठवडेच्या आठवडे मोजत बसावं लागे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात हे काम चिकाटीने चाललं. गेल्या काही वर्षांत लेसरच्या साहाय्याने एकेक अणू पकडून मोजायची युक्ती साधली आहे. अणू फुटायची वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे आता पाच-दहा लिटर पाण्यात भागतं.

पिंपातून बाटलीत

कार्बन-१४चीही कथा अशीच आहे. महासागरांचं पहिलं मोठं सर्वेक्षण, ‘जिओसेक्स’, १९७२ ते १९७८ या काळात झालं: आधी अटलांटिक, मग प्रशांत, शेवटी हिंदी महासागर. तेव्हा एका नमुन्याला अडीचशे लिटरच्या आसपास पाणी लागायचं. पोलादी पिंपं तारेला बांधून चार-पाच किलोमीटर खाली सोडायची, तिथे बंद करायची आणि डोलत्या डेकवर ओढून घ्यायची. आज किरणोत्सर्ग मोजण्याऐवजी त्वरकयंत्रात, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देऊन वेगळं करणाऱ्या यंत्रात, थेट अणू मोजतात, म्हणून अर्धा लिटर पुरतं. पाणी काचेच्या बाटलीत भरायचं, जिवाणूंनी कार्बनची उलथापालथ करू नये म्हणून त्यात पाऱ्याच्या क्षाराचे थेंब टाकायचे, आणि बाटली घट्ट बंद करायची. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून त्यातला कार्बन डायऑक्साइड काढतात, त्याचं ग्रॅफाइट करतात आणि ते त्वरकयंत्राला देतात.

या कामात जहाजावर एका गोष्टीची धास्ती असते. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ मोजण्यासाठी जीवशास्त्रज्ञ कृत्रिम कार्बन-१४ वापरतात, आणि तो निसर्गातल्या प्रमाणापेक्षा प्रचंड तीव्र असतो. पूर्वी कधीतरी त्याचा एक थेंब टेबलावर सांडला असेल, तरी नंतरच्या सफरीचे नमुने नासू शकतात. म्हणून सफरीच्या आधी जहाजातली टेबलं, बेसिनं, दारांच्या मुठी पुसून ती फडकी तपासायला पाठवतात.

बॉम्बने सोडलेली खूण

१९५०च्या दशकात आणि १९६१-६२मध्ये हवेत झालेल्या अणुचाचण्यांनी उत्तर गोलार्धातल्या हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला. शिवाय ट्रिटियम, म्हणजे जड किरणोत्सारी हायड्रोजन, पावसातून समुद्रात उतरला. १९६३च्या करारानंतर बहुतेक देशांनी हवेतल्या चाचण्या थांबवल्या. मानवजातीने करू नये ते केलं होतं. पण त्यातून समुद्राच्या पृष्ठभागावर एक तारीख उमटली, आणि ती खाली कशी झिरपते ते पाहता आलं. १९७२मध्ये जिओसेक्सच्या जहाजाला उत्तर अटलांटिकच्या उत्तर भागात ट्रिटियम थेट खोल पाण्यात सापडला. दहा वर्षांच्या आत पृष्ठभागावरची खूण किलोमीटर-किलोमीटर खाली गेली होती. तिथे पाणी खरोखर बुडतं याचा इतका रोकडा पुरावा दुसरा नाही. प्रशांतात मात्र ट्रिटियम वरच्या थरांतच थबकलेला होता.

ट्रिटियमचे निम्मे अणू १२.३ वर्षांत फुटतात आणि त्यांचा हेलियम-३ होतो. पृष्ठभागावर असताना हा हेलियम हवेत निघून जातो. पाणी खाली गेलं की तो अडकतो आणि साठत जातो. म्हणून आई-अणू आणि लेक-अणू दोन्ही मोजले की सुरुवातीला ट्रिटियम किती होता हे माहीत नसलं तरी चालतं. काही महिन्यांपासून काही दशकांपर्यंतच्या पाण्यासाठी हे उत्तम घड्याळ आहे. फार खोलवर मात्र समुद्रतळाच्या ज्वालामुखी रांगांतून पृथ्वीच्या पोटातला हेलियम-३ येऊन मिसळतो, तिथे त्याच्यावर विसंबता येत नाही.

कार्बनच्या दृष्टीने बॉम्बने गोंधळही केला. जिओसेक्स सुरू झालं तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी आधीच बिघडलेलं होतं. चाचण्यांपूर्वीचे पृष्ठभागाचे आकडे मग प्रवाळांच्या वर्षावर्षाच्या थरांतून आणि चाचण्यांआधी गोळा करून ठेवलेल्या शिंपल्यांतून मिळवावे लागले.

मुंबईतला एक धागा आणि अरबी समुद्र

कार्बन आणि आर्गॉन यांच्या जोडीला आणखी एक घड्याळ आहे, सिलिकॉन-३२. ते निसर्गात आहे हे १९६०मध्ये दाखवणाऱ्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले देवेंद्र लाल होते. सोबत अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेचे एडवर्ड गोल्डबर्ग आणि मिनोरू कोइडे. विश्वकिरणांनी हवेतला आर्गॉन फुटला की हा अणू तयार होतो, पण इतका विरळ की पाण्यातून थेट मिळवणं अवघड. त्यांनी सागरी स्पंज घेतले. स्पंज आपला सांगाडा घडवायला पाण्यातलं सिलिका आयुष्यभर गोळा करत असतो, म्हणजे गाळायचं काम त्यानेच करून ठेवलेलं. पुढे जिओसेक्समध्ये लाल, सोमयाजुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टनावारी पाण्यातलं सिलिका रसायन लावलेल्या तंतूंवर गोळा करून हे मोजमाप महासागरांत केलं. सुरुवातीला सिलिकॉन-३२चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सातशे वर्षांच्या आसपास मानला जाई. नंतरच्या मोजमापांनी तो दीडशेच्या घरात आणला आणि सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागले. घड्याळाची चालच आधी नीट माहीत हवी.

अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने १९९०च्या दशकात अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरात जिओसेक्सच्या जागांवर जाऊन पुन्हा पाणी घेतलं, ते बॉम्बचा कार्बन मधल्या काळात किती खाली उतरला हे पाहायला. दोन सर्वेक्षणांमधला हा फरकच वरचं पाणी किती वेगाने खाली मिसळतं ते सांगतो.

अरबी समुद्रात तर पाण्याच्या वयाबद्दल एक चुकीची समजूत सहज होते. साधारण दीडशे-दोनशे मीटरपासून हजार मीटरच्या खालपर्यंत इथे प्राणवायू जवळजवळ नसलेला, जगातल्या सगळ्यात जाड थरांपैकी एक थर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा दशकानुदशकं अभ्यास केला आहे. प्राणवायू संपलाय, म्हणजे पाणी फार जुनं, कोंडून पडलेलं, असंच कुणालाही वाटेल. पण फ्रिजमधल्या वायूंसारख्या मानवनिर्मित खुणा मोजल्यावर दिसलं, की या थरातलं पाणी शतकं नव्हे, दशकाच्या आसपासच्या काळात बदलतं. इथे प्राणवायू वेळेमुळे संपत नाही. पावसाळी वाऱ्यांनी वर उपसलेल्या पोषक पाण्यात वनस्पती भरभरून वाढतात, त्यांचे अवशेष खाली कुजतात, आणि येणारा प्राणवायू आल्या आल्या खर्ची पडतो.

पाण्याचं वय कळल्याने हवामानाचा हिशेब कसा बदलतो, याचं एक उदाहरण प्रशांतातलंच. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत खोल समुद्राची तापमानं घेतली होती. गेबी आणि ह्यूबर्स यांनी २०१९मध्ये ती आजच्या मोजमापांशी ताडून पाहिली. वरचा समुद्र सगळीकडे तापत असताना प्रशांतात १,८०० ते २,६०० मीटर खोलीवर मात्र पाणी अंशाच्या काही शतांशांनी गार झालेलं दिसलं. तिथे आत्ता पोचतंय ते मध्ययुगानंतरच्या थंड शतकांत पृष्ठभागावर असलेलं पाणी.

कार्बन-१४चं घड्याळ आता अवघड वळणावर आलं आहे. दगडी कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांचं, त्यात कार्बन-१४ अजिबात नाही. ते जाळून हवेत सोडल्यामुळे बॉम्बची वाढ ओसरून हवेतलं प्रमाण चाचण्यांआधीच्या पातळीच्याही खाली चाललं आहे. कित्येक ठिकाणी समुद्राच्या पृष्ठभागातच आता हवेपेक्षा जास्त प्रमाण आहे आणि समुद्र बॉम्बचा कार्बन हवेला परत करतो आहे. इथून पुढे बुडणाऱ्या पाण्याचं सुरुवातीचं प्रमाण दशकागणिक बदलत जाणार, त्यामुळे नुसत्या कार्बनवरून काढलेलं वय फसवं ठरेल. आर्गॉन-३९वर इंधन जाळण्याचा परिणाम होत नाही आणि बॉम्बचाही फारसा झालेला नाही. पाच-दहा लिटरमध्ये तो मोजता येऊ लागला ते नेमकं योग्य वेळी झालं.